फळ्यांनी अडवलेला वारा

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचा पसारा अवघा ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यांचं माळरान. सहलीच्या मुलांना बसवून माहिती सांगायला प्रवेशाजवळ सावली हवी होती, म्हणून दोन सेवाभावी क्लबांनी वर्गणी काढली. बांधकाम आमच्याकडे होतं. एका एसटीतली मुलं मावतील असा २० बाय ३० फुटांचा निवारा, सहा लोखंडी खांब, ०.५ मिमी जाडीचा रंगीत पत्रा. भिंत एकाही बाजूला नाही.

मे महिन्यात, काम संपून आठवडा झाला नव्हता तोच दुपारी पूर्वेकडून वळीव आला आणि अर्धं छप्पर उडालं.

पोचलो तेव्हा खांब जागच्या जागी होते. मुरुमात तीन फूट खोल पाया, प्रत्येकी सव्वा टन काँक्रीट. ते हललं नव्हतं. सुटला होता पत्रा. स्क्रू मात्र पर्लिनमध्येच, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारपट्ट्यांमध्येच, रबरी वायसरसकट! भोकं ओढली जाऊन शर्टाची काजं फाटावीत तशी लांबट झाली होती. म्हणजे स्क्रू उपटले नव्हते, पत्रा त्यांच्या डोक्यांवरून निसटला होता. कारण उघड होतं. पर्लिन पाच-पाच फुटांवर, स्क्रू तीन पन्हळींआड एक, आणि कडेलाही तेच अंतर. वारा पत्रा उचलायला सुरुवात करतो ती कडेपासूनच.

पण एवढ्याने अर्धं छप्पर जात नाही. बरोबरचे वनरक्षक पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, आधी त्या फळ्या काढा. वाऱ्याला भिंतच झाली की ती."

अगदी खरं होतं. चिंकारा, लांडगा, खोकड, गवतं यांच्या माहितीचे फलक आम्ही पश्चिमेला सलग लावले होते, जमिनीपासून आठ फुटांपर्यंत. दुपारचं ऊन अडेल हाही हेतू होता. पूर्वेकडून शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट उरली नाही, मग तो खालून छपराला रेटा देऊ लागला. वरून वाहणारा वारा छप्पर ओढतो ते वेगळंच. पुण्यासाठी इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानक ८७५ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो आणि तेवढ्याच पत्र्याचं वजन जेमतेम ५ किलो. उघडं छप्पर आणि एक बाजू बंद असलेलं छप्पर यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. आम्ही तो केला नव्हता.

दुरुस्ती नंतर. आधी माळ साफ करणं भाग होतं, कारण रात्री तिथे जनावरं चरतात आणि फाटलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. काठीला लोहचुंबक बांधून, हातभर अंतराने ओळ धरून आम्ही निघालो. कुसळी गवतात पत्र्याचे तुकडे सापडत गेले. पुढे मोकळ्या मुरुमात वनरक्षकांनी हात वर केला. धाविक पक्ष्याची दोन अंडी. घरटं असं नाहीच, नुसता खळगा. खड्यांच्या रंगाची, ठिपक्यांची. तुटलेला पत्रा तिथून चार पावलांवर पडला होता. तो उचलून आणला आणि त्या बाजूला पिल्लं निघून जाईपर्यंत कुणाला जाऊ दिलं नाही.

पैशांची अडचण आली नाही, कारण क्लबांनी रकमेतले १० टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवले होते. देणगीदारांना माझं हेच सांगणं असतं: सगळी रक्कम उद्घाटनाच्या दिवशी संपवू नका. नावाची पाटी लहान चालते, डागडुजीला पैसे लागतातच.

नव्याने पर्लिन साडेतीन फुटांवर घेतले, कडेला अडीच. कडेच्या प्रत्येक पन्हळीवर स्क्रू, मध्ये एकाआड एक, सगळे रुंद वायसरचे. फलक तीन-तीन फुटांचे सुटे केले. मध्ये दीड फूट फट, खाली दोन फूट मोकळं. ते आता आकड्यांवर टांगलेले असतात आणि एप्रिल ते जून उतरवून ठेवतात. त्या महिन्यांत दुपारचं ऊन आत येतं, म्हणून मुलांना सकाळी सातलाच बोलावतात. चिंकारे दिसायचे तेही त्याच वेळी.