आमची वाटचाल : उपरण्याखालचा आकडा

आमचे वडील हेडी, म्हणजे गुराढोरांचे दलाल. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात त्यांची हयात गेली. तिथं भाव तोंडानं कुणी बोलत नसे. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, मान हलवायची. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे. 2009 साली मी लातूरला औसा रोडवर, एका झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या गाळ्यात घरं-प्लॉटांच्या दलालीचं काम सुरू केलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "धंदा तोच की रे. दावं न्हाई एवढंच."

मी हसलो होतो.

तिसऱ्या वर्षी एका निवृत्त गुरुजींचं घर विक्रीला आलं. त्यांनी 32 लाख सांगितले. गिऱ्हाईक अहमदपूरकडचं, नवरा-बायको दोघं. पोरगी अकरावीला लातूरला ठेवायची होती. (लातूर पॅटर्ननं या गावाच्या घरबाजाराचं जेवढं भलं केलं, तेवढं आम्हा एजंटांनी मिळून केलं नसेल.) त्यांनी 26 ला मागितलं. परतताना गाडीत ते घेणारे भाऊ सहज बोलून गेले, "तसं 29 पर्यंत जाऊ आम्ही." मला व्यवहार उरकायची घाई. संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर चहा पिताना मी म्हणालो, "गुरुजी, 29 पर्यंत येतील ते." झालं! दुसऱ्या दिवशी गुरुजी 30 वर बसले ते उठेचनात. भाऊंनी मला एकच विचारलं, "आमचा आकडा तिकडं गेला कसा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं ते घर दुसऱ्या एजंटानं साडेसत्तावीसला घालवलं. मला दोन्हीकडून दलाली नाही, वर तोंड लपवायची पाळी. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "उपरणं कशाला असतंय मग?"

तेव्हापासून आमच्या ऑफिसचा एक दंडक आहे. शेवटचा आकडा आम्हाला सांगूच नका म्हणतो. सांगितलाच, तर तो आमच्या बायकोलाही कळत नाही. समोरच्याकडं न्यायची ती आजची मागणी, लेखी. आणि त्या कागदावर नुसता आकडा नको. बयाणा (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) किती, खरेदीखत किती दिवसांत, पैसे रोकडे की बँकेचं कर्ज, मागं काय काय ठेवून जाणार, हे सगळं हवं. रोकडे म्हणजे नोटांच्या थप्प्या नव्हेत हं. 1 जून 2015 पासून घरजमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घ्यायला बंदी आहे. बयाणासुद्धा आम्ही चेकनं नाहीतर आरटीजीएसनंच करतो. "थोडं रोखीत, वरच्या वर बघू" म्हणणारे अजून येतात. त्यांना चहा देतो.

कागदानं काय साधतं ते अंबाजोगाई रोडच्या एका घरात कळलं. मालकांनी 41 सांगितले, मागणी आली 36 ला. पाच लाखांची दरी, दोघंही हटेनात. मी मालक काकांना भाव सोडून दुसरंच विचारत बसलो. तेव्हा कळलं, पुण्यात मुलाच्या फ्लॅटचा हप्ता दोन महिन्यांत भरायचा होता. इकडं गिऱ्हाईकाचं कर्ज मंजूर होऊन पडलेलं. मग आम्ही मागणी नव्यानं लिहिली : 38, बयाणा 4 लाख, 45 दिवसांत खरेदीखत. आधी 38 ला तोंड वाकडं करणारे काका तारीख वाचून गप्प झाले. 38 लाख 50 हजारांवर आलं. आणि मग अडलं कशावर? बंगईवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर! काकू म्हणाल्या, "बंगई माझ्या सासऱ्यांची, ती मी नेणार." घेणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "घर पाहिलं तेव्हा होती ना?" अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी बंगई काकूंनी नेली आणि दोन पंखे, गीझर, वरची टाकी मागं राहिली. ते सगळं कागदावर लिहिलं, टाकीच्या लिटरांसकट.

आमच्याकडं भाव पाडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, 1993 चा भूकंप. किल्लारीला दगडमातीची माळवदं माणसांच्या अंगावर आली, ते इथं कुणी विसरलं नाही. म्हातारी माणसं अजून जिन्याखाली उभं राहून विचारतात, "आरसीसी हाय का भिंतीवरच उभं हाय?" दुसरी, पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून गिऱ्हाईक देवघर नंतर बघतं, बोअर आधी. मी घेणाऱ्याला सांगतो, मे महिन्यात या, मोटर तासभर चालवून बघा आणि मग मागा. विकणारे चिडतात. पण दिवाळीत मागून मे महिन्यात भांडण्यापेक्षा ते बरं.

2020 च्या शेवटी मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरलं, तेव्हा वेगळाच खेळ. 40 लाखांच्या घरावर घेणाऱ्याचे 1 लाख 20 हजार वाचत होते आणि विकणारा म्हणायचा, "वाचलेत ना, मग ते मला द्या." निम्मे-निम्मे करून आम्ही त्या डिसेंबरात चार खरेदीखतं उरकली. त्याआधीचे लॉकडाऊनचे महिने कसे काढले, ते इथं लिहीत नाही.

आता गाळा पूर्ण आमचा आहे. पुतण्या हाताशी आलाय. महारेरानं, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ती त्यानं पहिल्या झटक्यात काढली. मी दोनदा पुस्तक मिटलं आणि तिसऱ्यांदा बसलो. जुन्या घरांच्या व्यवहारात ते प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. तिथं विचारतात, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) किती वर्षांचा काढलात आणि बँकेचा बोजा आहे का. ते आम्ही बयाण्याआधीच वकिलाकडून बघून घेतो. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं, घर असेल तर कर्ज मिळतंय का तेही. भाव ठरल्यावर बँकेनं मान हलवली नाही, की सगळे एजंटाकडंच बघतात.

दलाली दोन्हीकडून घेतो आणि दोघांसमोर सांगून घेतो. पूर्वी खरेदीखतानंतर घ्यायचो. रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्या उतरताना लोक फार प्रेमानं हात हातात घेतात, नंतर फोन उचलत नाहीत. आता निम्मी बयाण्याच्या दिवशीच.