जर्मेनियमचे भिंग थंड होताना

जर्मेनियमचा अपवर्तनांक सुमारे ४ असल्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यांत ते भिंगासाठी फार सोयीचे ठरते; पण खोलीच्या तापमानाजवळ हाच अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००४ ने बदलतो. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे एकच भिंग २० अंश सेल्सिअसवरून उणे ४० पर्यंत नेले, तर ते अंतर साधारण ०.७५ मिलिमीटरने वाढते आणि त्याच वेळी तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची नळी सुमारे ०.१४ मिलिमीटरने आखडते, म्हणजे दोन्ही बदल फोकस एकाच दिशेने बिघडवतात. भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर धरला, तर १० मायक्रोमीटर तरंगलांबीला फोकसची सूट, म्हणजे प्रतिमा स्पष्ट राहून फोकस सरकू शकेल ते अंतर, जेमतेम अधिक-उणे ८० मायक्रोमीटर असते.

द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनपर्यंत जायचे असेल, तर दर अंशाला ०.०००४ हा वरचा गुणांक तसाच वापरता येत नाही, कारण तापमानाबरोबर तोही कमी होत जातो. नासाच्या गोडार्ड केंद्राने प्रिझम वापरून जर्मेनियमचा अपवर्तनांक २० केल्विनपर्यंत मोजला आहे आणि ते काम मला अमूल्य वाटते. मात्र ती मोजणी १.९ ते ५.५ मायक्रोमीटर तरंगलांबीची आहे. १० मायक्रोमीटरसारख्या लांब तरंगलांबीच्या प्रणालीचा फोकस म्हणूनच प्रत्यक्ष मोजावा लागतो.

या मोजणीत एका गोष्टीचा मी नेहमी आग्रह धरतो: पहिले वाचन हवेत न घेता, भिंग ज्या बंद कक्षात थंड करायचे तो कक्ष निर्वात करून पण खोलीच्याच तापमानाला घ्यावे. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा फक्त ०.०००२७ ने जास्त असला, तरी ती काढून टाकताच वरच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ३६ मायक्रोमीटरने कमी होते, आणि हा फरक वेगळा काढला नाही तर तो थंडीच्या खाती जमा होतो. कक्षाची खिडकीही बाहेरच्या हवेच्या दाबाने किंचित वाकते. तिच्या मागे सपाट आरसा ठेवून इंटरफेरोमीटरने (प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून सूक्ष्म फरक मोजणाऱ्या उपकरणाने) तिचा वाटा स्वतंत्रपणे मोजावा आणि वजा करावा.

त्यानंतर प्रश्न उरतो धीराचा. निर्वातात भिंगातली उष्णता मुख्यतः कडेच्या स्पर्शातून आणि प्रारणातूनच बाहेर पडते, त्यामुळे चौकटीवरचा तापमापक ठरलेला आकडा दाखवू लागला तरी भिंगाचा मध्य अजून उबदार असतो. सलग वाचनांत फोकस सरकायचा थांबला, तरच ते तापमान नोंदवावे. तापमान परत वाढवतानाही त्याच टप्प्यांवर वाचने घ्यावीत. उतरतीची आणि चढतीची वाचने जुळली नाहीत, तर भिंग चौकटीत जागचे हलले आहे का, हे आधी तपासावे.