काटा खाली येईपर्यंत

आमच्या अकोल्यात होळी झाली की घराघरांतून कूलर खाली उतरतात. माळ्यावर वर्षभर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला तो पत्र्याचा खोका अंगणात येतो, मागच्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या ताट्या उकिरड्यावर जातात, टाकीच्या भोकांना डांबर फासलं जातं आणि पंप बादलीत टाकून चालतो का ते बघितलं जातं. ज्याला कूलरचा पंप बदलता येत नाही त्याला या गावात कोणी मुलगी देऊ नये, असं बाबा म्हणायचे. मला तो आठवीतच बदलता यायला लागला. नवऱ्याला अजून येत नाही. बाबांनी तेव्हा चौकशी कशी केली होती, देव जाणे.

सांगायचा मुद्दा हा, की थंडाव्याची यंत्रं घरीच उघडायची सवय आम्हाला लहानपणापासून असते. फक्त गाडीच्या बोनेटपाशी आलो की हात आखडतो. माझाही आखडत होता. गेल्या एप्रिलात तो सुटला.

अमरावतीहून परत येत होते. हायवेवर सगळं ठीक, एसी गारेगार. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी एक बाजू बंद होती, तिथे गाड्यांच्या रांगेत अडकले. पाच मिनिटांत एसीतून आधी कोमट आणि मग चक्क गरम वारा यायला लागला. आणि तापमानाचा काटा, जो एरवी मध्याच्या जरा खाली झोपलेला असतो, तो उठून चालायला लागला. मी एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. एप्रिल महिना, दुपारचे दोन, आणि हीटर! मागच्या सीटवरून मुलीने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पण हीटर म्हणजे दुसरं काही नसतं, डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाची उष्णता पुढून बाहेर पडत नसेल तर ती आत, आपल्या अंगावर घ्यायची. काटा थबकला. रांग हलली, गाडीला वेग आला, आणि तो आपोआप खाली उतरला. एसी लावून बघितला तर पुन्हा गार.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात दाखवली. निदान झटपट झालं. रेडिएटर गेला, कंडेन्सर गेला, कॉम्प्रेसर जायच्या बेतात आहे, आणि गॅस तर भरावाच लागेल. खर्चाचा आकडा ऐकला आणि मी गाडी घेऊन घरी आले.

रात्री कूलरच्या वाऱ्यात पडल्या पडल्या विचार करत होते. दोन आजार एकाच वेळी कसे होतील? आणि दोन्ही गाडी उभी असतानाच का? धावताना दोन्ही बरे. धावताना गाडीला काय मिळतं जे उभ्या गाडीला मिळत नाही? वारा. पुढच्या जाळीमागे कंडेन्सर, म्हणजे एसीने आतून उचललेली उष्णता बाहेर टाकणारा भाग, त्याच्यामागे इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर, आणि आमच्या गाडीत या दोघांच्या मागे एकच पंखा. गाडी उभी असताना त्या पंख्याने वारा ओढायचा असतो. कंडेन्सरची उष्णता बाहेर पडली नाही तर एसीतल्या गॅसचा दाब वाढत जातो आणि आत गार वारा येत नाही. त्याच उभ्या, गरम हवेत रेडिएटर तापतो. म्हणजे तक्रार दोघांची, पण रजेवर तिसराच.

सकाळी ऊन चढायच्या आत बोनेट उघडलं. इंजिन सुरू केलं, एसी लावला. एसी लावल्याबरोबर पंखा फिरायला हवा. तो स्वस्थ. इंजिन बंद करून पंख्याची वायर काढली आणि बॅटरीवरून थेट करंट दिला तर भर्रकन फिरला. मोटर शाबूत. मग उरला फ्यूज आणि रिले. फ्यूज बघितला, तारही अखंड. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान असा काळा चौकोनी ठोकळा, आत एक कळ, जी विजेनेच दाबली जाते आणि दाबली गेली की ‘टक्’ असा आवाज होतो. माझा टक् म्हणत नव्हता. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने छोटा नकाशा असतो, तो चष्मा पुसून वाचला. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा, त्याच नंबराचा. तो उपटला आणि पंख्याच्या जागी खोचला.

टक्. पंखा सुरू.

कुंपणापलीकडून शेजारचे काका मघापासून बघत होते. “काय करून राहिली वं बाई? मिस्त्रीले नाही बोलावत काय?”

“पंखा सुरू झाला, काका!”

“मंग झालं तं.”

झालं नव्हतं, कारण आता हॉर्न गेला होता. नवा रिले आणायला त्याच गाडीने बाजारात जायचं होतं. अकोल्याच्या बाजारातून बिनहॉर्नची गाडी नेणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. मी काच खाली करून दारावर थापा मारत गेले, ‘ओ दादा, ओ भाऊ’ करत. एका गाईने मान वळवून बघितलं आणि बाजूला झाली. हॉर्नला ती झाली नसती. रिले दीडशे रुपयांचा निघाला.

इथेच थांबायला हवं होतं, पण बोनेट एकदा उघडलं की लवकर बंद होत नाही. रेडिएटरचं पाणी शेवटचं कधी बदललं होतं हे घरात कोणालाच आठवेना. आणि टोपणाला हात घालायची वेळ आली तेव्हा मला चिखलदऱ्याचा घाट आठवला.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. बाबांच्या ऑफिसची जुनी जीप, आत आम्ही नऊ जण, मावशीची स्वयंपाकाची पिशवी, स्टोव्ह. परतवाडा सोडून घाट लागला आणि अर्ध्यात जीपने वाफ सोडली. मामा फडकं घेऊन धावले. बाबा ओरडले नाहीत, फक्त हातातलं घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं. “पाऊण तास. टोपणाला कोणी हात लावायचा नाही.” मग सावलीत बसून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. आम्ही पळसाची पानं गोळा केली, मावशीने तेवढ्यात मुरमुऱ्यांचा चिवडा कालवला. पाऊण तासाने बाबांनी स्वतः टोपण उघडलं. आधी अर्धा फेरा, थांबले, फुस्स झालं, मग दाबून पूर्ण. रेडिएटर तळाशी पाझरत होता. बाबांनी मावशीच्या पिशवीतून हळदीची पुडी मागितली आणि मूठभर हळद आत टाकली. वर ओढ्याचं पाणी. हळद फुगून भोकाशी जाऊन बसली आणि आम्ही पोचलो. दोन दिवस भाजी बिनहळदीची, पांढरट. पुढे परतवाड्यात तो पितळी रेडिएटर झाळून घेतला.

(हळदीचा हा उपाय ट्रकवाल्यांकडचा आहे आणि आडरानात तो खरंच चालतो. आजच्या गाडीत मात्र करू नका. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, नळ्या नाजूक आणि चपट्या. हळद भोकात बसेल की नळीत, हे ती आपल्याला विचारत नाही.)

ते टोपण म्हणजे कुकरची शिट्टी असते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. ०.९ च्या टोपणाखाली साधं पाणीसुद्धा शंभराला उकळत नाही, साधारण ११८ अंशांपर्यंत कळ काढतं. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायचं रसायन, मिसळलेलं असेल तर आणखी वर. पण टोपण उघडल्याक्षणी दाब गेला, आणि ११० अंशांचं पाणी एकदम आठवतं की आपण शंभरालाच उकळायला हवं होतं. ते तोंडावर येतं. कुकरची वाफ जायची वाट न बघता झाकण ओढणारी बाई आमच्या घरात एकही नाही. टोपण ओढणारे पुरुष मात्र घाटाघाटांत दिसतात.

मीही वाट बघितली. दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर उभी राहून इंजिन हाताला माठासारखं लागल्यावर, खालचा नळ सोडला. आधी चहासारखं आणि मग विटकरी पाणी आलं. वर्षानुवर्षं आम्ही त्यात बोअरचं पाणी ओतत होतो. कूलरच्या टाकीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दर वर्षी खरवडायचा आणि तेच पाणी गाडीला पाजायचं, हे इतक्या वर्षांत डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. तीन वेळा साधं पाणी भरून, इंजिन चालवून, थंड होऊ देऊन सोडलं. म्हणजे तीन दिवस. त्यातलं काम मोजलं तर तासभर भरेल, बाकी सगळं बसून राहणं. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कूलंटच्या डब्यावर उणे ३७ अंशांतही गोठणार नाही अशी हमी दिलेली असते. अकोल्यात ही हमी वाचून बरं वाटतं. आपल्याला ते हवं असतं ते उत्कलनबिंदू वाढवायला आणि गंज थांबवायला.

पाणी सांडलं तिथे मात्र मी लगेच माती टाकली आणि फरशी दोनदा धुतली. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांची वाट लावतं. आमच्या अंगणात एक भुरी मांजर मुक्कामाला असते. तिला मी त्या तीन दिवसांत इतक्या वेळा हाकललं की ती माझ्यावर रुसली.

भरून झाल्यावर आत अडकलेली हवा काढायची असते. थंड इंजिनावर टोपण उघडं ठेवून गाडी सुरू करायची, आणि आत हीटर पूर्ण सोडून बसायचं, कारण त्या छोट्या रेडिएटरातही हवा दडलेली असते. एव्हाना मे उजाडला होता. बाहेर ४४. मी आत हीटर लावून ओल्या टॉवेलसकट बसले आणि मुलगी रेडिएटरच्या तोंडाशी उभी राहून बातम्या देत होती. “बुडबुडे आले... गेले... अजून एक मोठा आला.” वरचा रबरी पाइप बराच वेळ कोमट होता, तो एकाएकी चटका बसेल इतका तापला. थर्मोस्टॅट उघडला. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते; पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ना वायर, ना सेन्सर. पाण्याची पातळी झपकन खाली गेली, वर आणखी ओतलं, टोपण लावलं. काटा मध्याच्या जरा खाली येऊन झोपला.

मग एसीकडे वळले. कंडेन्सरच्या पट्ट्यांत तीन उन्हाळ्यांची धूळ, पाखरं आणि काटेसावरीचा कापूस. जुन्या टूथब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने ते काढलं. जोराची धार मारली तर पट्ट्या आडव्या होतात. दोन-चार झाल्याच, त्या फणीने सरळ केल्या. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचा फिल्टर असतो, तो ओढला तर त्याच्यावर कडुलिंबाचा पाला बसलेला. गाडी लिंबाखाली लावतो ना आम्ही, सावलीसाठी. गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूची मॅट भिजायची, त्याचंही कारण तिथेच होतं: आतल्या थंड कॉइलवर जमणारं पाणी बाहेर नेणारी नळी चिखलाने बंद झाली होती. खालून वायरची पिळलेली तार घातली तेव्हा चमचाभर काळा राडा पडला.

गॅसला मात्र मी हात लावला नाही. तिथे घरच्या माणसाने थांबावं. त्याला दोन-तीन साधनं लागतात, आधी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढावी लागते, आणि तो आर-१३४ए गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो; बोटावर आला तर कातडी गोठते. शिवाय हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारापेक्षा जास्त पटींनी पृथ्वी तापवतो. पण ‘दर वर्षी गॅस भरून घ्या’ हे जे सांगितलं जातं ना, ते ऐकू नका. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठाला रोज पाणी घालणं. आमचा भरावा लागला नाही. कॉम्प्रेसर ‘जायच्या बेतात’ होता तो अजून गेलेला नाही.

अमेरिकेत १९४० च्या सुमारास पॅकार्डच्या गाड्यांत पहिल्यांदा एसी आला, तेव्हा त्याला कॉम्प्रेसर सोडवणारा क्लचच नव्हता. बंद करायचा तर इंजिन थांबवून, बोनेट उघडून कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा उतरवायचा. म्हणजे कोणाला थंडी वाजली तर गाडीमालकाने उतरायचं. हे मी नवऱ्याला सांगितलं, कारण त्याला गाडीत नेहमी थंडी वाजते. तो म्हणाला, “आता पट्टा कसा काढतात ते शिकू नकोस.”

जूनमध्ये मृगाची एक सर येऊन गेली आणि पाऊस दडी मारून बसला. हवेत नुसता दमटपणा. बाजारातून आले, गाडी लिंबाखाली लावली, मुलगी आत फोनवर बोलत होती म्हणून एसी चालूच ठेवला. पिशव्या घेऊन उतरले तर पुढच्या चाकामागे भुरी मांजर बसलेली, आणि फरशीवरचं काहीतरी चाटत होती.

पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावले. ती उडी मारून कुंपणावर गेली. मी गुडघ्यावर बसून त्या ओलीला बोट लावलं. चिकट नाही. हिरवं नाही. वास नाही. गार. वरून आणखी एक थेंब मनगटावर पडला, नळीतून. तार घालून मोकळी केली होती त्याच नळीतून.

मांजर कुंपणावरून बघत होती. मी बाजूला सरकले. ती जरा वेळाने, मान ताठ ठेवून, उतरली आणि पुन्हा चाटायला लागली.

“आई, बंद करू का गाडी?” मुलीने काचेआडून विचारलं.

“थांब जरा,” म्हटलं.