पाऊणकी

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला विभागातून एक छापील कागद हातात आला. त्यावर चार चौकटी होत्या: बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. वर नाव आणि हजेरी क्रमांक, खाली मार्गदर्शकांच्या सहीला जागा. बलस्थानांपुढे कंसात ‘किमान पाच’.

उणिवांची चौकट मी तिथेच, उभ्या उभ्या भरली. जागा पुरेना म्हणून समासातही लिहिलं. संधीत वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एकच वाक्य लिहिलं. धोके म्हटल्यावर मला किनाऱ्यावरची ‘येथे पोहणे धोकादायक आहे’ ही पाटी आठवली आणि तिच्या खाली बिनधास्त डुंबणारी माणसं आठवली, त्यामुळे तीही चौकट हसत हसत उरकली. बलस्थानं मात्र तीन दिवस कोरी.

याला निम्मा जबाबदार माझा स्वभाव आणि निम्मा देवगड तालुका. आमच्याकडे कौतुक करायची रीतच नाही. दहावीला मला ८९ टक्के पडले तेव्हा शेजारचे काका निकाल बघून म्हणाले, “बरा आसा. बाकीचे अकरा खय गेले?” ‘बरा आसा’ ही आमच्याकडची सर्वोच्च पदवी. आमटी अप्रतिम झाली तरी बरी, जावई कलेक्टर झाला तरी बरा. अशा हवेत वाढलेल्या माणसाला एकदम ‘स्वतःतल्या पाच चांगल्या गोष्टी सांगा’ म्हटलं की घाम फुटतो. आपण कुणाच्या तरी डब्यातलं न विचारता काढून खातोय असं वाटतं.

माझी रूममेट चिपळूणची. तिने दहा मिनिटांत चौकट भरून टाकली: नेतृत्व, संघभावना, संवादकौशल्य, सकारात्मकता, वेळेचं नियोजन. हा कागद द्यायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती, हे मी तिला सांगितलं नाही. संवादकौशल्य माझ्यात कमी आहे, उणिवांमध्ये लिहिलंच होतं.

तसं स्वतःला ओळखायचं म्हणून पहिल्या सत्रातच मी शहाण्या मुलीसारखी इंटरनेटवर चाचणी दिली होती. सोळा-सतरा प्रश्न, शेवटी निदान: तुम्ही ‘बघून शिकणाऱ्या’ आहात. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी रत्नागिरीच्या बाजारात, जयस्तंभाकडे जाऊन बारा रंगांची पेनं आणि चार हायलायटर आणले. महिनाभर नोट्स रंगवल्या. संधिपाद प्राणी हिरवे, मृदुकाय गुलाबी, मासे पिवळे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीने पुस्तक उघडून पाहिलं, दोन पानं उलटली आणि म्हणाली, “पुस्तकाक हळद लावलंस ती? लगीन कधी आसा?”

लग्न परीक्षेशी होतं आणि ते मोडायच्या बेतात होतं. रंगवलेलं पान डोळ्यासमोर यायचं खरं, पण पानावरचं काही आठवायचं नाही. फक्त पिवळं आठवायचं. पुढे कधीतरी कळलं की ‘बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे’ ही वाटणी शाळा-कॉलेजांत भलतीच लाडकी असली तरी हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्या वाटणीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. बारा पेनांचे पैसे गेले ते गेलेच.

बलस्थानं स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याला विचारावीत, असं मार्गदर्शक सर म्हणाले होते. म्हणून घरी फोन लावला. आई म्हणाली, “तू उलटून बोलत नाहीस,” आणि पुढे लगेच, “हल्ली बोलतेस म्हणा.” आजी म्हणाली, “तुका ताजो मासो वळखूक येता. ता लिव.” आजोबांनी फोन घेतला आणि प्रश्न ऐकूनच घेतला नाही. त्यांनी त्यांचा विचारला, “आज सप्तमी. सांग बघया, भरती किती वाजता?”

“सव्वापाच,” मी म्हटलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या दृष्टीने संभाषण पूर्ण झालं होतं.

हे सव्वापाच कुठून आलं ते सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र आकाशात रोज पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, आणि पाऊण तास त्याच्या बराच जवळ जातो. हिशेब अगदी तंतोतंत नाही. जागेप्रमाणे, दिवसाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण कालवं काढायला खडपावर कधी उतरायचं आणि खाडीतून होडी कधी काढायची एवढं ठरवायला तो पुरतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. एक तिथी, ती भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर असते. (ते 1973 मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, म्हणून आजोबा त्यावर घरचा हक्क असल्यासारखं दुधाचा आणि गड्यांच्या मजुरीचा हिशेब लिहितात.) दुसरी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. पावकी, निमकी, सवायकी शाळेतून कधीच गेल्या. पाऊणकी आमच्या घरात राहिली ती निव्वळ समुद्रामुळे.

आजोबांनी ती मला शिकवली असं मात्र म्हणता येत नाही. त्यांनी कधी पाटी घेऊन बसवलं नाही, समजावून सांगितलं नाही. ते फक्त विचारायचे. सकाळी तोंड धुताना, जेवताना, कधी मी झोपेतून उठून पायरीवर बसले असताना. चुकलं की “चुकलंस” एवढंच. बरोबर आलं की तेही नाही. दुसऱ्या दिवशी तिथी पुढे सरकलेली असायची, त्यामुळे कालचं उत्तर आज चालायचं नाही. मला तेव्हा हा छळ वाटायचा. मैत्रिणींचे आजोबा गोष्टी सांगायचे. माझे परीक्षा घ्यायचे.

आजीचंही तेच. बाजारातून आणलेली टोपली खाली ठेवायची आणि मला पुढ्यात बसवायची. सगळे मासे एकत्र. बांगडा, तारली, मांदेली, मध्येच एखादी सौंदाळ्याची जोडी. यातला कालचा कुठचा? मग डोळे बघायचे, कल्ले उचलून लाल आहेत की विटकरी झालेत ते बघायचं, अंगठा दाबून खळगा राहतो का बघायचं. तिने आधी सांगितलं असतं की ‘ताज्या माशाचे डोळे पाणीदार आणि वर आलेले असतात’, तर मी ते वहीत लिहून पिवळं केलं असतं. तिने आधी विचारलं, मी आधी चुकले, म्हणून ते बोटांना ठाऊक झालं.

हे सगळं आत्ता इतकं सुचतंय त्याला कारण हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधला एक प्रयोग. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. यातली खरी गंमत अशी, की पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील असा दांडगा विश्वास होता. हा विश्वास मी ओळखते. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता, तिसऱ्यांदा धडा वाचताना, ‘हे तर येतंय की’ म्हणत डोक्यात पसरणारी ती ऊब. सकाळी प्रश्नपत्रिकेवर ती पार विरलेली असते.

प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला एवढं मोठं नाव आहे ते आमच्या पायरीवर रोज फुकट चाललेलं, आणि मी जयस्तंभाला जाऊन पेनं विकत घेतली.

मग मी स्वतःच स्वतःची आजोबा झाले. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता. मे महिन्यात कोकणात जेवढे आंबे तेवढ्या पत्रिका. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून पत्ते केले. एका बाजूला आपलं नाव, दुसऱ्या बाजूला शास्त्रीय. रत्नागिरी-देवगड एसटीत खिडकीशी बसून मी ते पत्ते उलटायची. बांगडा म्हणजे रॅस्ट्रेलिगर कानागुर्ता. सुरमई म्हणजे स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन. पत्ता बघायच्या आत उत्तर तोंडाने म्हणायचं, मनातल्या मनात नाही. मनातल्या मनात माणूस फार लबाडी करतो.

राजापूर डेपो सोडल्यावर शेजारी बसलेल्या बाईंनी शेवटी विचारलंच, “खयचो जप करतंस गो?” त्यांच्या पायाशी रिकामी टोपली होती. मी म्हटलं, हार्पाडॉन नेहेरियस. म्हणजे बोंबील.

“बोंबलाक येवढा मोठा नाव?” त्यांना ते पटलं नाही. मोरी, सरंगा यांना असेल तर ठीक, बोंबलाला कशाला. मग मीही सांगून टाकलं, की ते ‘नेहेरियस’ ऐकून वर्गातल्या अर्ध्या मुलांना वाटलं की नाव नेहरूंवरून ठेवलंय. ठेवलं फ्रान्सिस हॅमिल्टन याने, 1822 मध्ये. नेहरू जन्मले 1889 ला. बाई हसल्या आणि त्यांनी माझ्या हातातले पत्ते काढून घेतले. शास्त्रीय नाव त्यांना वाचता येण्याचा प्रश्न नव्हता, मी ते रोमन लिपीत लिहिलं होतं. त्या फक्त मराठी बाजू बघून विचारत गेल्या. “मांदेली?” “तिसरे?” “कुर्ली?” मी अडखळले की थांबायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नव्हतं, तरी मी कुठे ठोकून देतेय ते प्रत्येक वेळी कळलं. मासे विकणाऱ्या बाईला समोरच्याचा चेहरा वाचता येतो. उतरताना म्हणाल्या, “कुर्ली पुन्हा कर.” खरंच, स्कायला सेराटा मी दोनदा चुकले होते.

त्या सत्रात मला वर्गीकरणात चांगले गुण पडले. जैवसांख्यिकीत पडले नाहीत, कारण तिथे पत्ते करून भागत नाही, गणितं सोडवावी लागतात आणि मला कंटाळा येतो. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती अशी ती टोमॅटोच्या नावाची पद्धतही करून पाहिली. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून ती काढली म्हणतात. आमच्या घरी मेमध्ये ती चालली नाही. पंचवीस मिनिटांत किमान दोनदा पेटी भरायला हाक यायची, आणि विश्रांतीची पाच मिनिटं चार डझनी पेटीत पेंढा घालण्यात जायची. पहाटे चारला उठणं तेवढं जमलं, तेही उकाड्याने झोप येत नव्हती म्हणून. ते बलस्थानात धरायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही.

तो चार चौकटींचा कागद मात्र मी तेव्हा चौथ्या दिवशीच भरून दिला होता. पहिल्या ओळीत लिहिलं: पाऊणकी येते. दुसऱ्या ओळीत: ताजा मासा ओळखते. तिसरी ओळ: चुकल्याचं फार वाईट वाटून घेत नाही (सवय आहे). उरलेल्या दोन ओळींत रूममेटचं नेतृत्व आणि सकारात्मकता उसनी घेतली.

सरांनी साडेअकराला केबिनमध्ये बोलावलं. ते घाटावरचे, रत्नागिरीत येऊन दोनच वर्षं झालेली. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “पहिली ओळ मला कळली नाही. पाऊणकी म्हणजे?”

“सर, आज तिथी कोणती?”

त्यांनी फोन काढला. मला फोनची गरज पडली नाही. कॅंटीनमध्ये सकाळपासून साबुदाण्याची खिचडी होती.

“एकादशी,” ते म्हणाले.

“अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे भरती सव्वाआठला होऊन गेली, आता निम्मी ओहोटी झाली असेल.”

सर उठले, खिडकीशी गेले आणि पडदा सरकवून बाहेर बघू लागले. तिथून समुद्र दिसत नाही, दुचाक्यांची शेड दिसते. तरी ते थोडा वेळ बघत राहिले. मग तिथूनच, पाठमोरे, म्हणाले, “आणि उद्या?”