तुम्ही विचारलंत म्हणून: विवेकानंदांच्या आधी तिकडे कुणाला काही माहीत होतं का?

आमच्या गीतेच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, की ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामीजी शिकागोत बोलले तेव्हाच ना पाश्चात्त्यांना वेदांत पहिल्यांदा कळला?

नाही हो. आपल्यातलाच माणूस समोर उभा राहून आपलं सांगतोय, हे तिकडच्या लोकांना नवीन होतं आणि ते स्वामीजींनीच केलं, त्यात वादच नाही. पण पुस्तकं शंभर वर्षं आधीच पोचली होती. चार्ल्स विल्किन्सची इंग्रजी गीता १७८५ ला लंडनमध्ये छापली गेली, अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी राहणारा लेखक थोरो तीच वाचायचा.

उपनिषदांचा प्रवास तर ऐका, मला तो दरवेळी सांगताना भरून येतं. शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह, त्यानं काशीचे पंडित आणि संन्यासी दिल्लीला बोलावून घेतले आणि १६५७ मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत आणली. दोनच वर्षांत औरंगजेबानं त्याला मारलं, पण हस्तलिखित राहिलं, ते पुढे फ्रान्सला आंकेतिल द्युपेराँ नावाच्या विद्वानाच्या हाती पडलं, त्याला संस्कृत येत नव्हतं, फारसी येत होतं, त्यानं त्यावरून १८०१-०२ मध्ये लॅटिन केलं. म्हणजे संस्कृत, मग फारसी, मग लॅटिन, वाटेत किती काय सांडलं असेल! आणि तेच लॅटिन वाचून जर्मनीत शोपेनहाउअरसारखा तत्त्वज्ञ लिहून गेला की या वाचनानं मला जगताना आधार दिला, मरतानाही देईल. त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा आत्मा होतं.

यात त्या काशीच्या पंडितांची आठवण आपण कुणीच काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. शब्दाशब्दाला अर्थ सांगत बसले ते तेच ना.

आणि एक, हे सगळं एकाच दिशेनं गेलं असंही नाही. एडविन अर्नोल्ड आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजचा प्रिन्सिपल होता, परत गेल्यावर त्यानं १८८५ ला गीता इंग्रजी कवितेत आणली. गांधीजींनी गीता पहिल्यांदा वाचली ती लंडनमध्ये, ह्याच इंग्रजीतून, आणि आपण ती संस्कृतात किंवा गुजरातीत वाचली नाही याची त्यांना लाज वाटली होती, त्यांनी स्वतःच लिहिलंय.

म्हणून वर्गात कुणी नातू किंवा सून इंग्रजी गीता घेऊन आली की मी कधी नावं ठेवत नाही. बसा म्हणते, तिसरा अध्याय काढा.