तुम्ही विचारलंत म्हणून: चर्च आणि दुर्बीण

"सर, शनिवारी गच्चीवर पोरांना गुरूचे चंद्र दाखवता आणि रविवारी चर्चला जाता. गॅलिलिओचं काय केलं चर्चनं, माहीत असूनही?" इंदुरात आमच्या कॉलनीत हा प्रश्न मला हमखास येतो.

माहीत आहे. 1633 साली त्यांना गुडघे टेकायला लावून, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मागे घ्यायला लावलं. तो अन्याय होता आणि तो कबूल करायला रोमला 1992 साल उजाडलं. त्यावर मी पांघरूण घालणार नाही.

पण गोष्ट तिथेच संपत नाही. ईस्टर येतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. आपल्या पंचांगासारखाच सूर्य-चंद्राचा मेळ. ती पौर्णिमा ठरते संपातदिनावरून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसावरून. संपातदिन चुकला की सण चुकला. म्हणून इटलीत बोलोन्यातल्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनींनी 1655 साली छताला, सुमारे 27 मीटर उंचीवर, एक भोक ठेवलं आणि फरशीत सुमारे 67 मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा बसवली. रोज माध्यान्हीला सूर्याचं बिंब ती रेषा ओलांडतं. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात पार दूर. कॅसिनींनी त्या बिंबाची रुंदी मोजली. सूर्याचा वेग वर्षभर कमी-जास्त दिसतो, तो नुसत्या अंतरामुळे की वेग खरोखरच बदलतो म्हणून? वेग खरोखरच बदलतो असं सांगणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ केपलरच्या बाजूनं मापांनी कौल दिला. गॅलिलिओंच्या खटल्याला तेव्हा जेमतेम 22 वर्षं झाली होती, आणि मोजमाप चाललं होतं चर्चच्याच फरशीवर!

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 साली समीकरणांतून मांडलं आणि 1931 साली त्याचा उगम एका आदिअणूत असल्याचं सुचवलं. 1951 साली खुद्द पोपनी या विचाराला सृष्टीच्या निर्मितीशी जोडलं, तेव्हा लमेत्रना ते रुचलं नाही. सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. मलाही तेच पटतं. आजचा सिद्धान्त उद्या सुधारला जाईल. माझी प्रार्थना त्याला टांगून कशी चालेल?

म्हणून आकाशात मी देवाचा पुरावा शोधत नाही. बायबलमधलं आठवं स्तोत्रही पुरावा देत नाही, ते देवालाच विचारतं: हे चंद्र-तारे पाहिले की वाटतं, माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस? दुर्बिणीनं तो प्रश्न माझ्यासाठी आणखी मोठा केला आहे.