बैल काय खाईल?

कल्पित जगाचा व्यवहार कसा रचायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कल्पित जगांच्या गोष्टी लिहिते म्हटल्यावर नव्यानं लिहू लागलेली मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात: "तुमच्या जगातलं चलन कोणतं?" विचारणाऱ्याच्या वहीत त्याच्यापुरतं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. दहा तांब्याच्या नाण्यांचं एक चांदीचं, दहा चांदीच्यांचं एक सोन्याचं, वर गरुड नाहीतर नाग, आणि नाण्याला एक भारदस्त नाव. नाव कसं वाटतं एवढंच त्याला हवं असतं. नाव छानच असतं. पण चलन मी सगळ्यात शेवटी ठरवते, कधी कधी ठरवतही नाही. त्याचं कारण माझ्या वडिलांची पेन्सिल.

माझं पहिलं हस्तलिखित (ते छापलं गेलं नाही, बरंच झालं) एका उंच कातळपठारावरच्या शहराबद्दल होतं. सात वेशी, निळ्या दगडाचे मनोरे, वस्ती एक लाख. भोवती नजर पोचेल तिथवर उजाड माळ, कारण उजाड माळावर मनोरे उठून दिसतात. ते बाड मी अण्णांना वाचायला दिलं. अण्णा बार्शीत एका आडतीवर तीस वर्षं दिवाणजी होते. कादंबऱ्यांच्या वाटेला ते जात नाहीत, पण कागद हातात आला की कानावरची पेन्सिल आपोआप खाली उतरते. चौदाव्या पानाच्या समासात त्यांनी लिहिलं होतं, "लाख माणूस. रोजची पोती किती?" आणि खाली हिशेब.

पोरंटोरं, म्हातारेकोतारे धरून माणशी अर्धा किलो ज्वारी. रोजची पन्नास हजार किलो, म्हणजे क्विंटलाची पाचशे पोती. माझ्या जगात आगगाडी नव्हती आणि पठारावर नदी नव्हती, तेव्हा माल बैलाच्या पाठीवर, गोणीतून. एका बैलावर एक क्विंटल धरला तर रोज पाचशे बैल वेशीतून आत यायला हवेत. पिकाऊ मुलूख मी नकाशात दहा दिवसांच्या वाटेवर काढला होता. दहा दिवस यायला, दहा परत जायला. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी पाहा, दहा हजार बैल वाटेवर. कादंबरीत एकही बैल नव्हता. घोडे होते, पांढरे.

हिशेबाखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, "आणि बैल काय खाईल?"

मी चिडले होते, हे कबूल करते. मग बसून मांडलं. बैलाला दिवसाला सात किलो कडबा धरला तरी वीस दिवसांचा होतो एकशे चाळीस किलो. पाठीवर ओझं शंभर किलो. स्वतःचा चारा स्वतः वाहून नेणारा बैल शहरात दाणासुद्धा पोचवू शकत नाही. माणसाचंही तेच. हमालानं तीस किलो धान्य उचललं आणि वाटेत रोज किलोभर खाल्लं, तर पंधराव्या दिवशी मुक्कामी पंधरा किलो घेऊन पोचेल. तेवढंच त्याला परतीला लागेल. दिलं किती? शून्य.

मग खरी माणसं हे कसं जमवत होती? उत्तर आपल्याच मुलखात होतं. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलंय; कुणाच्या गोण्यांत तांदूळ, कुणाच्या धान्य, कुणाच्या मीठ. अण्णांच्या समासातला आकडा आणि हा आकडा जवळजवळ एकच निघाला, तेव्हा माझा राग गेला. या लमाण-वंजारी तांड्यांची युक्ती अशी, की बैल वाटेवर चरत जायचे. चारा विकत घ्यायचा नाही, लादायचा नाही. त्यामुळे वाहतूक स्वस्त आणि संथ, दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. ज्याला घाई आहे त्यानं तांड्याबरोबर जाऊ नये.

एवढं कळल्यावर माझा सगळा नकाशा वाकडा झाला. रस्ता जवळच्या वाटेनं जायचा सोडून गवताच्या वाटेनं जायला लागला. पावसाळ्यात वाटा बंद, म्हणून शहरात चार महिन्यांचं धान्य साठवायची पेवं आली. पेवं आली म्हणजे पेवांची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न आला. आणि पूर्वी जिथं मी नुसता "माळ" असं लिहून सोडलं होतं, तिथं एक बाई उभी राहिली, तांड्यांना कुरण वापरू देऊन त्याचा वसूल घेणारी. राजापेक्षा तिला जास्त लोक घाबरतात. पुढचं युद्ध सिंहासनावरून होणार होतं, ते आता कुणीतरी तिचं कुरण पेटवलं म्हणून होतं. मी काहीही रचलं नाही हो, बैलाला भूक लागली इतकंच.

समुद्र किंवा मोठी नदी दिली की हे सगळं बदलतं, म्हणून शहर कुठं वसवताय ते आधी बघा. रोमचा सम्राट डायोक्लेशियन यानं इ.स. 301मध्ये मालाचे आणि मजुरीचे कमाल दर बांधून देणारा हुकूम काढला. दर काही टिकले नाहीत, पण त्यातल्या वाहतुकीच्या आकड्यांवरून इतिहासकारांनी एक हिशेब मांडलाय: गहू भूमध्य समुद्राच्या या टोकाहून त्या टोकाला जहाजानं नेणं हे तोच गहू खुष्कीनं सव्वाशे किलोमीटर गाडीतून नेण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. रोमनं इजिप्तचा गहू खाल्ला तो यामुळे.

दुसरी गोष्ट मी ठरवते ती मजुरी, आणि तीही धान्यात. अंगमेहनतीच्या एका दिवसात किती ज्वारी येते? हा एक आकडा हाताशी असला की बाकीच्या किमती आपोआप रांगेत उभ्या राहतात, आणि तो किती खाली गेल्यावर माणसं काय करतात हेही कळतं. 1877च्या दुष्काळात सरकारी कामांवर मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा द्यायचं ठरलं. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. अण्णांनी वर घरात बसलेल्या पोराबाळांसह सरासरी अर्धा किलो धरला होता, हा आकडा दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याचा आहे. मुंबई इलाख्यात उपाशी माणसांनी ते काम नाकारलं, कामावरून उठून गेली. कादंबरीत बंड दाखवायचं असेल तर "जुलमी राजा" एवढं लिहून भागत नाही. किती ग्रॅमवर माणसं उठली ते लेखकाला ठाऊक पाहिजे. वाचकाला सांगायची गरज नाही.

आता उधारी. नाणी नसलेलं गाव दाखवायचं म्हटलं की लिहिणारे लगेच अदलाबदल सुरू करतात: तू मला मडकं दे, मी तुला कोंबडी देतो. असं गाव मला अजून भेटायचंय. आपल्याकडचा लोहार नांगराच्या फाळाला धार काढून देताना पायलीभर जोंधळे मागत बसत नव्हता. वर्षभर काम करायचा आणि सुगीला खळ्यावर आपलं बलुतं न्यायचा. सुतार, कुंभार, परीट, न्हावी सगळ्यांचं तसंच. नाणं नव्हतं तिथंही हिशेब होता, तो लोकांच्या डोक्यात होता आणि वर्षभर उघडा असायचा.

मात्र इथं एक इशारा देते, कारण ही व्यवस्था कल्पित जगात उचलून नेणारे ती फार गोग्गोड करतात. बलुतेदारांच्या तीन कासा, म्हणजे ओळी, मानल्या जायच्या, थोरली, मधली, धाकटी, आणि कुठल्या कासेला किती हे कष्टावर ठरत नव्हतं, शेतकऱ्याला त्या कामाची गरज किती यावर ठरायचं. महार वतनाच्या कामाला तर वेळ-काळच नव्हता. रात्री-अपरात्री सरकारचा सांगावा आला की जायचं, बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि घरोघर मागून आणायचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी 1928मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच पिळवणुकीविरुद्ध. तेव्हा तुमच्या जगात पैसा नाही, सगळे एकमेकांना धरून राहतात, असं लिहाल तर खळ्यावर शेवटी कोण उभा आहे आणि त्याच्या वाट्याला काय उरलं, तेवढं बघून घ्या. गोष्ट बहुधा तिथं असते.

एवढं झाल्यावर नाणं. तेही एक नको, दोन हवीत. बार्शी इंग्रजी मुलखात आणि पलीकडे निजामाचं राज्य लागलेलं, त्यामुळे आमच्या आजोबांच्या बंडीला दोन खिसे होते: एकात कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, दुसऱ्यात हाली, म्हणजे निजामाचे. सरकारी भाव सहा कलदारांना सात हाली. पण तो सरकारी. बाजाराच्या दिवशी सराफ कोणता बट्टा लावेल ते सराफ जाणे. आजोबा सांगायचे, हाली घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "वाण्याच्या तोंडाकडे बघून भाव कळायचा." सीमेवरचा एवढा एक सराफ तुमच्या जगात बसवा. दहाचं एक असं सरळ कोष्टक कुठल्याही तहापेक्षा लवकर मोडेल.

गेम खेळत मोठी झालेली पोरं इथं अडवतात. म्हणतात, आमच्या जगात राक्षस मारला की सोनं पडतं. पडू द्या, पण ते जातं कुठं? गेम रचणाऱ्यांना हे फार आधी कळलं: नुसता नळ सोडून चालत नाही, मोरीही हवी. म्हणून तिथं तलवार दुरुस्तीला पैसे लागतात, प्रवासाला लागतात. 'ईव्ह ऑनलाइन' या गेमच्या कंपनीनं तर 2007मध्ये खराखुरा अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला. आणि ड्रॅगनच्या गुहेतलं सोनं घेऊन गावात आलेल्या नायकाला मालीचा राजा मन्सा मुसा दाखवा. 1324मध्ये हजला जाताना त्यानं कैरोत इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं, की बारा वर्षांनंतरही तिथं सोन्याचा भाव पूर्वीइतका चढला नव्हता, असं अल-उमरी या अरब लेखकानं नोंदवलंय. नायकाच्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी अंडं केवढ्याला मिळेल?

जादूबद्दल थोडक्यात. एका गावातून दुसऱ्या गावात नेणारं जादूचं दार कुणी लिहिलं की माझा एकच प्रश्न असतो: नायक त्यातून जाण्याआधी ज्वारी का नाही गेली? आमच्याकडे 1897मध्ये असंच एक दार उघडलं, बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रूळ. रूळ आले की धान्य आत येतं, हे सगळे लिहितात. पण त्याआधी, 1876च्या दुष्काळात, आगगाडीनंच दख्खनेतलं धान्य बाहेरही गेलं, जिथं भाव देणारं गिऱ्हाईक होतं तिकडं. दार दोन्ही बाजूंनी उघडतं आणि भुकेला भाव नसतो. तुमचं दार कुणाच्या ताब्यात आहे?

"पण एवढं सगळं वाचणार कोण?" हाही प्रश्न येतो. कुणी नाही. पेवं, बैल, कुरण, सराफ यांची मिळून माझी एक दोनशे पानी वही भरली, आणि कादंबरीत त्यातल्या दहा-बारा ओळी गेल्या असतील. एका ठिकाणी नायिका भाकरी मोडते आणि अर्धी पदराआड ठेवते, बास. पण ती अर्धी का, पाव का नाही, हे मला माहीत होतं.

सध्या नवीन हस्तलिखित अण्णांकडे आहे. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, भिंग लावून वाचतात. या खेपेला मी हुशारी केली होती: जहाजं हवेतून उडतात, बैलच नाहीत, चाऱ्याचा प्रश्न मिटला. परवा फोन केला तर तिसऱ्या पानावर होते. म्हणाले, "छान आहे. माल वरून येतो हे कळलं. पण खाली उतरवून घ्यायची हमाली कुणाच्या पट्टीतून कापायची, विकणाऱ्याच्या का घेणाऱ्याच्या?"

मी म्हटलं, बघून सांगते. अजून सांगितलेलं नाही.